आकाशात चोख, हँडलवर बोंब

आमच्या शेजाऱ्यांनी बाईकसाठी खास नॅव्हिगेटर मागवला. परदेशातून येणाऱ्या भाच्याच्या बॅगेतून तो आला. पावसाला न घाबरणारा, हातमोजे घातलेलं बोटही ओळखणारा, भर दुपारच्या उन्हात स्वच्छ दिसणारा. किंमत ऐकली आणि मी खाली बसलो. तेवढ्यात एक जुनी पण चालती बाईक आली असती. असा हा दागिना बसवायला बरोबर आलेला क्लॅम्प मात्र २८ मिलिमीटरच्या जाड हँडलचा होता आणि यांच्या बाईकचं हँडल २२चं. मधल्या फटीत त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. पहिल्या स्पीडब्रेकरला नॅव्हिगेटरने मान टाकली. दुसऱ्याला तो टाकीकडे तोंड करून लाजून बसला.

वर काय चाललंय, ते जरा बघा. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवरून फिरतात. त्यांतल्या निदान चारांचे सिग्नल पकडून आपण नक्की कुठे आहोत हे काढायचं. त्या उंचीवर घड्याळं जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात, तर आइन्स्टाईनच्या सापेक्षतेचा हिशोब लावून तीही आधीच ताळ्यावर आणून ठेवलेली. आपल्या देशी ‘नाविक’ दिशादर्शन यंत्रणेच्या पहिल्या उपग्रहातली परदेशी आण्विक घड्याळं बंद पडली, तेव्हा इस्रोने देशी रुबिडियम घड्याळ घडवलं आणि २०२३मध्ये एनव्हीएस-०१मधून वर पाठवलं. म्हणजे इतक्या लांबचा प्रवास मायक्रोसेकंदाच्या हिशोबाने बिनचूक. मग शेवटची वीत उरते, हँडलपासून स्क्रीनपर्यंतची. ती आपल्या ताब्यात असते. तिथे सायकलची ट्यूब.

यंत्र कुठलं घ्यावं यावर बाईकवाल्यांत तीन पंथ आहेत. खास नॅव्हिगेटरवाले म्हणजे गार्मिनच्या झुमोसारखं काहीतरी घेणारे. हे लडाखला एकदा जातात आणि उरलेलं आयुष्य लडाखबद्दल बोलतात. दुसरे कंपनीने दिलेलंच वापरणारे. रॉयल एनफिल्डने २०२०मध्ये मिटिऑरवर ‘ट्रिपर’ नावाची वाटीएवढी गोल चकती दिली. ती फोनशी जोडायची की वळणाचा बाण दाखवते. बाण आणि अंतर, बस्स. मला विचाराल तर बाईकवर माणसाला एवढंच लागतं. पण एवढ्यावर समाधान मानणारा माणूस मिटिऑर घ्यायला जात नाही. तिसरा पंथ आपला, बहुजनसमाजाचा: खिशातला फोन हँडलवर.

फोन घेतलात की पहिला शत्रू पाऊस नाही, थरथर. ॲपलने सप्टेंबर २०२१मध्ये स्वतःच सांगून टाकलं, की जास्त ताकदीच्या मोटरसायकलच्या हँडलवर आयफोन थेट अडकवू नका, कॅमेरा बिघडू शकतो. स्कूटर-मोपेडवर लावायचाच तर कंपन शोषणारं माउंट घ्या. गंमत कारणात आहे. हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून आतलं भिंग सावरणारी एक नाजूक यंत्रणा असते. ती बिचारी हँडलचा प्रत्येक हादरा सावरायला जाते आणि सावरता सावरता स्वतःच ढासळते. घरातल्या समजूतदार सुनेसारखं. बुलेटसारखं एकाच सिलिंडरचं धडधडणारं इंजिन असेल तर बघायलाच नको. लोक त्या धडधडीचे पैसे मोजतात आणि वर तिच्यापासून फोन वाचवायला रबराचेही मोजतात.

होल्डर घ्यायला मी पुण्याच्या नाना पेठेत गेलो होतो. दुकानदार म्हणाला, ‘काका, हा घ्या. बाईक पडेल, मोबाईल नाही पडणार.’

‘आणि पडला तर?’

‘मग होल्डरसकट पडेल.’

प्रामाणिक माणूस. त्याच्याकडून एक गोष्ट मात्र शिकलो. आरशाच्या बोल्टला लावायचा होल्डर स्वस्त आणि सोपा, म्हणून सगळे तोच नेतात. पण हँडलची टोकं सर्वांत जास्त थरथरतात. मधोमध, जिथे हँडल बाईकला पकडलेलं असतं, तिथे थरथर कमी. शिवाय तिथला स्क्रीन रस्त्याच्या आणि डोळ्यांच्या साधारण एका रेषेत येतो. टाकीवरच्या बॅगेत पारदर्शक कप्प्याखाली फोन ठेवणारे लोक वळण बघायला हनुवटी छातीला टेकवतात. ताशी ६० किलोमीटरने जाताना बाईक सेकंदाला सुमारे साडेसोळा मीटर कापते. दोन सेकंद खाली बघितलं की तेहतीस मीटर, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या जवळजवळ तीन एसट्या, तुम्ही न बघता पार केल्या. खड्डे वेगळे.

सरकारने याबाबतीत हात झटकून घेतले आहेत. ऑक्टोबर २०२०पासूनच्या नियमांनुसार गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त रस्ता शोधायला वापरायचं, तेही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. नियम लिहिणाऱ्याने सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी सहाला बाईक चालवलेली दिसत नाही. तिथे लक्ष विचलित करायला फोनची गरज काय?

नकाशाचीही एक खोड आहे. गूगलने भारतासाठी दुचाकीचा वेगळा पर्याय डिसेंबर २०१७मध्ये आणला, पण तो आपण निवडावा लागतो. निवडायला विसरलात की यंत्र तुम्हाला मोटारवाला समजतं आणि मोठ्या प्रेमाने मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाकडे, वांद्रे–वरळी सागरी सेतूकडे, अटल सेतूकडे घेऊन जातं. तिन्हीकडे बाईकला बंदी. इतका मान आम्हाला बँकेचं कर्ज मागतानाही कुणी दिला नव्हता. खालापूरच्या अलीकडे एका पोलिसाने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, ‘फलक दिसला नाही?’ मी हँडलकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, ‘मग पावती त्याच्या नावाने फाडू का?’

घाटात वेगळीच बोंब. ताम्हिणीत रेंज गेली की लोक ‘जीपीएस गेला’ म्हणून फोन हवेत धरून नाचवतात. जीपीएस कुठेही गेलेला नसतो. उपग्रहाचा सिग्नल घ्यायला फोनला मोबाईलचं नेटवर्क लागत नाही. नेटवर्क लागतं ते नकाशा उतरवून घ्यायला. त्यामुळे तुम्ही कुठे आहात हे यंत्राला पक्कं ठाऊक असतं, पण ज्या कागदावर टिंब मांडायचं तो कागदच कोरा. घरून निघताना वायफायवर त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं आपण ग्रुपवर ‘निघालो’चा फोटो टाकण्यात घालवतो.

पावसाचं मी लांबवत नाही. पाणी न शिरणारा फोनसुद्धा स्क्रीनवर थेंब पडले की त्यांनाच बोट समजतो. माझ्या फोनने वरंध घाटाच्या तोंडाशी आपण होऊन नकाशा बंद केला आणि सासूबाईंना फोन लावला. डिलिव्हरीची पोरं त्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून मोकळी होतात. एवढं संशोधन करून माझीही गाडी शेवटी तिथेच येऊन थांबली आहे.

शेजाऱ्यांनी मात्र हार मानली नाही. त्यांनी २२चा खराखुरा क्लॅम्प आणला, खाली रबर घातलं, ॲलन कीने आवळला, चोरी होऊ नये म्हणून वेगळ्या चावीचा स्क्रूही लावला. मग वायर. वायरिंगवाल्याने सांगितलं होतं, की किल्ली फिरवल्यावरच वीज येईल अशा जागी जोडा. यांनी ‘कशाला मधे दलाल?’ म्हणत थेट बॅटरीला जोडली. नॅव्हिगेटर रात्रभर जागा राहिला. बाईकची बॅटरी ती केवढी! सकाळी बटण दाबलं तर फक्त टक् असा आवाज आला. किक या बाईकला कंपनीने दिलेलीच नाही.

मला हाक मारली. ‘अहो, जरा हात लावता का? गॅरेजपर्यंतच.’

ते हँडल धरून पुढे, मी मागून ढकलतोय. यंत्राच्या पोटात त्याची स्वतःची बॅटरी होती, ती ठणठणीत. वळणावर मी वाकून स्क्रीनकडे पाहिलं. माउंट जराही हलत नव्हतं. आमचा बाण अगदी आमच्याच गल्लीत, आमच्याच दिशेला, आणि खालच्या कोपऱ्यात वेग: ताशी ३ किलोमीटर.