मानाचा कासरा

समृद्धी महामार्गावर बैलगाडीला बंदी आहे, दुचाकीला बंदी आहे. माझ्या मते जावयांनाही असावी. ताशी १२० किलोमीटर वेगाने सासुरवाडी गाठणं माणसाच्या प्रकृतीला झेपत नाही. ११ डिसेंबर २०२२ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि शेलूबाजार ‘फार आडवळणाला’ असल्याची माझी जुनी सबब कायमची मेली. वाटेत कारंज्याचं गुरुमंदिर परतताना बघू म्हटलं. बघितलं नाही. का, ते पुढे कळेल.

आम्ही पोळ्याला गेलो होतो. आदल्या संध्याकाळी खांदमळणी झाली. मेहुण्यांनी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळली आणि त्यांच्या कानाशी लागून दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण दिलं. मला नुसता ‘येता ना?’ एवढा फोन आला होता.

दुसऱ्या दिवशी शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घागरमाळ अशा थाटात जोडी निघाली. सासऱ्यांनी एका बैलाचा कासरा माझ्या हाती दिला.

“धरा जवाईबापू, मान हाय तुमचा.”

“चावत नाही ना?”

“चावत नाई जी. मारते.”

गावाबाहेर आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या. झडत्यांची जुगलबंदी रंगली. मानकऱ्याने तोरण तोडलं की पोळा फुटतो आणि बैल घराकडे निघतात, असा शिरस्ता आहे. आमच्या बैलाला तो मान्य नसावा. त्याने मान उंच केली आणि तोरण खायला घेतलं. अर्धं त्याच्या तोंडात गेलं, अर्धं माझ्या डोक्यावर आलं.

“फुटला रे फुटला!” पोट्टे ओरडले. डफडी कडाडली. सगळ्या जोड्या उधळल्या, आणि आमचा बैल सर्वांच्या पुढे. त्याच्या मागे कासरा, कासऱ्याच्या मागे मी. “सोडा जी कासरा!” डाव्या ओट्यावरून आलं. “सोडू नका!” उजव्या. या गावात प्रत्येक ओट्यावर बैलांचा एक तज्ज्ञ बसलेला असतो, आणि त्यातला एकही खाली उतरत नाही! चौफुलीवर एसटी थांबली. ड्रायव्हरने मला हात जोडले. डावी चप्पल तिथेच राहिली.

बैल थेट सासऱ्यांच्या अंगणात थांबला. सासूबाई आरती घेऊन धावत आल्या. त्याचे पाय धुतले, कुंकू लावलं, पुरणपोळी भरवली. मग दुसऱ्या बैलाचं झालं. मग त्यांचं लक्ष माझ्या गुडघ्याकडे गेलं.

दारात ट्रॅक्टर उभा होता. “आता हे बैल ठेवता कशाला?” मी जरा तणतणतच विचारलं.

“नांगरटी करते जी ट्रॅक्टर. पन सोयाबीनच्या तासात डवरा बैलच वढते,” मेहुणे म्हणाले. मग बैलाच्या खांद्यावरच्या घट्ट्यावर हात फिरवत हळूच, “आन नसता वढला, तरी याले कुठी पाठवू?”

यावर मला काही बोलता आलं नाही. कासरा मीच दावणीला बांधला.

मानकऱ्यांनी नंतर नवं तोरण बांधून ते रीतसर तोडलं. तोवर बैल जेवून रवंथ करत बसले होते आणि मी हळद लावून पडलो होतो. वाचकहो, श्रावण अमावास्येला शेलूबाजारला अवश्य जा. फक्त कुणाचे जावई म्हणून जाऊ नका.