चारशे वर्षांची बेगमी

सरकारी तरतूद मार्चअखेरपर्यंत टिकली तरी पुष्कळ झालं, असा आपला अनुभव. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने मात्र शाळांची सोय 2425 सालापर्यंत लावून टाकली आहे. छपाईची चूक नाही, साल बरोबर आहे.

घडलं ते असं. त्या राज्यातल्या स्कूल डिस्ट्रिक्टने, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने, सर्वसाधारण सरकारी मदत आणि घरपट्टी मिळून दर विद्यार्थ्यामागे किती पैसा उभा करावा, याला 1993 पासून कायद्याची मर्यादा आहे. 2009 पर्यंत ती महागाईबरोबर वाढे. मग तेही थांबलं. 2023च्या अर्थसंकल्पात रिपब्लिकन विधिमंडळाने 2023-24 आणि 2024-25 या दोन वर्षांपुरती ही मर्यादा दरसाल 325 डॉलरनी वाढवली आणि विधेयक डेमोक्रॅट गव्हर्नर टोनी एव्हर्स यांच्याकडे सहीला धाडलं. एव्हर्स मूळचे शाळामास्तर. मास्तरांच्या हातात वही गेली की काहीतरी खोडल्याशिवाय परत येत नाही. त्यांनी मधले काही शब्द, काही आकडे आणि एक आडवी रेघ खोडली. उरलं ‘2023-2425’.

तेवढीच वर्षं मागे गेलं, तर शिवरायांचा जन्मही व्हायचा आहे!

ही हातचलाखी बेकायदा नाही. 1930 सालच्या घटनादुरुस्तीने तिथल्या गव्हर्नरला खर्चाच्या विधेयकाचा काही भाग नाकारण्याचा अधिकार दिला. पुढे गव्हर्नर मंडळी शब्दांतली अक्षरं गाळून नवे शब्द घडवू लागली, तेव्हा 1990 मध्ये मतदारांनी त्यावर बंदी घातली. मग वेगवेगळ्या वाक्यांचे तुकडे सांधून तिसरंच वाक्य उभं राहू लागलं. ते 2008 मध्ये बंद झालं. आकडे तेवढे मोकळे राहिले. रिपब्लिकन गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी तर 2017 मध्ये ‘डिसेंबर 31, 2018’ मधला 1 आणि 2 खोडून ‘डिसेंबर 3018’ करून दाखवलं. शाळांनी ऊर्जाबचतीच्या कामांसाठी मर्यादेबाहेर पैसा उभारू नये, ही वर्षभराची बंदी त्यामुळे हजार वर्षांची झाली. त्या वेळी राज्याचे शिक्षणप्रमुख होते हेच एव्हर्स. विद्यार्थी हुशार निघाला म्हणायचा.

या 2425विरुद्ध दोन करदाते कोर्टात गेले. 18 एप्रिल 2025 रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी एव्हर्स यांची खोडाखोड वैध ठरवली. चारशे वर्षं हा बदल मोठा आहे हे न्यायमूर्तींना मान्य. पण बदल केवढा असावा याची मर्यादा घटनेत नाही, आणि विधिमंडळाला नको असेल तर त्याने कायदा किंवा घटना बदलावी, असा निकालाचा मथितार्थ.

एवढ्या रणधुमाळीत शाळांच्या हाती काय पडलं? परवानगी. ते 325 डॉलर राज्याच्या तिजोरीतून निघतातच असं नाही. तेवढी रक्कम उभी करायची मुभा तेवढी मिळते. राज्याने मदत वाढवली नाही, तर भार घरपट्टीवर. जुलै 2025च्या अर्थसंकल्पात झालं तेच: विशेष शिक्षणाच्या खर्चातला सरकारी वाटा वाढला, सर्वसाधारण मदत होती तिथेच राहिली. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं, तेही चारशे वर्षं! गव्हर्नर उदार ठरले, आमदारांना करवाढीच्या नावाने बोटं मोडता आली, आणि बिल घरमालकाच्या दारात.

शिवाय हे 325 महागाईला बांधलेले नाहीत. 2425 पर्यंत दर विद्यार्थ्यामागची वार्षिक मर्यादा 1 लाख 30 हजार डॉलरहून अधिक वाढलेली असेल. ऐकायला भरघोस. पण दरसालची वाढ मात्र तेव्हाही 325च, आणि त्यात तेव्हा खडूचा डबा तरी येईल का, हे त्या वेळच्या हेडमास्तरांनी पाहावं. आजचे हेडमास्तर तेवढं थांबू शकत नाहीत. ज्यांना ही वाढही पुरत नाही, ते डिस्ट्रिक्ट मर्यादेबाहेरचा पैसा मागायला सार्वमत घेतात आणि मतदारांपुढे पदर पसरतात.

एव्हर्स तिसऱ्यांदा उभे राहणार नाहीत. त्यांची मुदत जानेवारी 2027 मध्ये संपते.