तीन तासांचा कप्तान

जर्मनीत रविवारी काचेची रिकामी बाटली पेटीत टाकायची नाही. खळ्ळकन आवाज होतो, शेजाऱ्यांची विश्रांती मोडते. गळ टाकून मासे पकडायचे तर बहुतेक राज्यांत आधी परीक्षा द्यावी लागते. आणि याच देशात, ब्रांडेनबुर्ग आणि मेक्लेनबुर्गच्या कित्येक जलमार्गांवर, रंकाळ्यातल्या पायडलच्या बोटीपलीकडे काही न चालवलेल्या माणसालासुद्धा सुमारे तीन तासांच्या शिकवणीवर 15 मीटरपर्यंत लांबीची बोट हातात देतात. स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या, संडास, सगळ्यासकट. सोबत ‘चार्टरबेशायनिगुंग’ नावाचा एक कागद, म्हणजे आपण कप्तान. तो कागद तेवढ्या बोटीपुरता आणि तेवढ्या भाड्यापुरताच चालतो, एवढी अक्कल मात्र कायदा करणाऱ्यांनी शाबूत ठेवली आहे.

कागदावर माझं नाव लागलं ते मेहुण्यामुळे. तो बर्लिनला असतो, त्याला जर्मन येतं, गाडी उत्तम चालवतो. ऐन वेळी त्याची पाठ धरली. “दाजी, तुमच्यासारखा शांत डोक्याचा माणूस हवा,” असं म्हणून तो सोफ्यावर आडवा झाला. शिकवणी जर्मनमध्ये. भाषांतराला भाची. शिक्षक हातवारे करत पाच-सात मिनिटं बोलायचे, आणि भाची मोबाईलवरून मान वर करून सांगायची, “आतोबा, म्हणजे हळू जायचं.” पुन्हा पाच-सात मिनिटं. “म्हणजे लॉकमध्ये दोर धरायचा.” मी मान डोलावली, सही केली.

फ्युर्स्टेनबेर्गहून हाफेल नदीने दक्षिणेला मिल्डेनबेर्गपर्यंत जायचं ठरलं होतं. हाफेल ही नदी मला लगेच आपली वाटली. उगम मेक्लेनबुर्गात, तिथून खाली बर्लिनपर्यंत यायचं, मग पश्चिमेला वळायचं आणि शेवटी पुन्हा उत्तरेकडे जाऊन एल्बेला मिळायचं. सव्वातीनशे किलोमीटर हिंडून झाल्यावर उगमापासून सरळ रेषेत पाहिलं तर फारसं कुठे गेलेलीच नसते.

सकाळपासून पाऊस होता. “आम्ही राधानगरीचा पाऊस पाहिलाय,” असं मी धक्क्यावर दोनदा म्हणालो. राधानगरीचा पाऊस कोसळतो, दमतो, थांबतो. हा सकाळी सहीला येऊन संध्याकाळपर्यंत खुर्ची न सोडणाऱ्या कारकुनासारखा, बारीक, चिकाटीचा आणि गार. तरी आत बसून चालवायचं होतं, समोर काच होती, काचेला वायपर होता. म्हणजे काळजी नव्हती. पण पाऊस म्हटल्यावर बायकोने कांदाभजी काढायला घेतली. दहा मिनिटांत सगळ्या काचा आतून पांढऱ्या झाल्या. वायपर बाहेरून इमाने-इतबारे फिरत होता आणि मी आतून रुमालाने पुसत होतो, तोवर बोट लव्हाळ्यात घुसली. बगळा उडाला. “अहो, समोर बघा ना!” बायको म्हणाली. समोर बघायचं म्हणजे छतावर उघड्यावर जे दुसरं स्टीअरिंग होतं तिथे जायला हवं होतं. गेलो. भजी खाली राहिली.

बोटीला ब्रेक नसतो. पुढे जाणं थांबवायला मागे जायचा गिअर टाकायचा, आणि तो टाकला की ती थांबण्याआधी आडवी होते. स्टीअरिंग फिरवल्यावर काही घडत नाही म्हणून आपण आणखी फिरवतो, मग दोन्ही वेळचं एकदमच घडतं. भाड्याच्या बोटीला वेगाची मर्यादा ताशी 12 किलोमीटर. आम्ही त्याच्या निम्म्यानेच चाललो होतो. बर्लिनहून कोपनहेगनला जाणारा सायकलमार्ग या भागातून जातो. त्यावरून रेनकोट घातलेल्या एक आजीबाई आम्हाला मागे टाकून गेल्या आणि जाताना हात हलवला. मीही हलवला. तेवढ्यात पुन्हा लव्हाळं.

श्टोल्पझे हे मोठं तळं. प्रवाहाच्या दिशेने जाताना लाल पिंपं उजव्या हाताला आणि हिरवी डाव्या हाताला ठेवायची, एवढं भाचीने सांगितलं होतं. तळ्यात प्रवाह कुठल्या दिशेला आहे ते विचारायचं राहिलं. पावसाने पलीकडचा काठ दिसेना, आणि आम्ही भलत्याच टोकाला हिमेलफोर्ट गावाशी जाऊन उभे राहिलो. हे गाव प्रसिद्ध आहे ते सांताक्लॉजच्या टपालासाठी. 1984 पासून मुलं तिथे पत्रं पाठवतात आणि टपालखातं उत्तरं देतं. हल्ली वर्षाला लाखोंनी पत्रं येतात. मी रेनकोट मागायचा विचार केला, पण नाताळ लांब होता.

मग ब्रेडेराइखचं लॉक. नदीतली पायरी म्हणा: दोन दारांच्या मधल्या हौदात बोट घ्यायची, दार लावायचं, पाणी सोडून द्यायचं, की बोट खालच्या पातळीला उतरते. या जलमार्गावरची लॉक मुळात 40 मीटर लांब आणि साडेचार मीटरभर रुंद अशा मालवाहू होड्यांच्या हिशोबाने बांधलेली. आमची बोट त्या मानाने लहान, तरी मी दोन्ही भिंतींना न्याय दिला. बरीचशी लॉक आता प्रवाशांनीच चालवायची असतात. हिरवा दांडा ओढला की काम सुरू, लाल दांडा ओढला की आणीबाणी.

दोर धरायचा, हे मला पाठ होतं. पण पावसात हात गारठले होते, आणि हातापेक्षा गाठ भरवशाची. मी भिंतीवरच्या खुंट्याला गोठ्यात म्हशीला मारतात तशी पक्की गाठ मारली आणि भजी आणायला खाली गेलो. पाणी उतरू लागलं. बोट उतरेना. आधी चिवड्याचा डबा घरंगळला, मग मेहुणा. त्याची पाठ त्या क्षणी बरी झाली. तो ताडकन उठला. भाची ओरडली, “आतोबा, दोर धरायचा म्हणजे हळूहळू सोडायचा, बांधायचा नव्हता!” आणि तिने लाल दांडा ओढला. पाणी थांबलं. बोट तिरकी लटकत राहिली.

ताणलेली गाठ सुटत नाही, हे म्हशीच्या बाबतीतही खरंच आहे. आमच्या मागे दोघांच्या कयाकमध्ये सत्तरीचं एक जोडपं होतं. पावसात निवांत, थर्मासमधली कॉफी पीत. आजोबांनी काही न बोलता चाकू पुढे केला. मी दोर कापला, बोट धपकन पाण्यात बसली आणि कयाकमधली कॉफी सांडली. यथावकाश लॉकचा माणूस मोटारीने आला. त्याने खुंट्यावरचा दोराचा तुकडा पाहिला, मला पाहिलं, कुठलंसं बटण दाबलं आणि गेला. मराठीत याला चार वाक्यं तरी लागली असती.

पुढे रेगोच्या लॉकपाशी शेळीच्या दुधाचं चीज मिळतं. ते उत्तम आहे, मी गाठ न मारता खाल्लं. मिल्डेनबेर्गला जुन्या वीटभट्ट्या पाहायच्या होत्या. 1887 मध्ये त्सेडेनिकजवळ रेल्वेमार्ग टाकताना चिकणमातीचे साठे सापडले आणि पुढे इथल्या विटा होड्यांत भरून बर्लिनला गेल्या. बर्लिन होडीतून बांधलं गेलं, असं तिकडे म्हणतातच. त्या होडीवाल्यांनी असलीच लॉकं विटांनी भरलेल्या होड्या घेऊन पार केली, बहुधा कुठेही न लटकता. आम्ही पोहोचलो तेव्हा भट्ट्या बंद झाल्या होत्या.

अनामत रकमेतून दोराचे पैसे कापून घेतले. तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. रेनकोट जाड घ्या, भजी बोट धक्क्याला लागल्यावर तळा, आणि शिकवणीला भाचीऐवजी जर्मन येणारा मोठा माणूस बसवा, मग त्याची पाठ दुखत असली तरी चालेल.