साक्षीदारांची सोय

चंदीगडमधील मनीमाजऱ्याचा पडका किल्ला फरीदकोटचे महाराज हरिंदरसिंग ब्रार यांच्या मालमत्तेत मोडत असे. 1989 साली महाराज निवर्तले, आणि ती अवाढव्य मालमत्ता एका विश्वस्त निधीच्या हवाली करणारे, 1982 ची तारीख असलेले मृत्युपत्र पुढे आले. थोरल्या राजकन्येने 1992 साली दावा गुदरला, चंदीगडच्या न्यायालयाने 2013 साली मृत्युपत्र बनावट ठरविले, आणि त्या निर्णयावर सर्वोच्च न्यायालयाची मोहोर उठावयास 2022 साल उजाडले. सही, तारीख, साक्षीदार सर्व यथासांग असलेल्या एका कागदाचा खोटेपणा शाबीत होण्यास तीस वर्षे लागली.

त्याच किल्ल्याच्या शेजारी नांदणाऱ्या आमच्या वसाहतीतील सुज्ञ मंडळींना मात्र असा कालापव्यय परवडत नाही. 2016 साली निघालेल्या दोन हजारांच्या नोटेत उपग्रहास वर्दी देणारी चकती दडविली आहे, किंवा युनेस्कोने आमचे राष्ट्रगीत जगात सर्वश्रेष्ठ ठरविले आहे, असा मजकूर भ्रमणध्वनीवर अवतीर्ण होताच, ना सही ना तारीख अशा त्या दस्तऐवजाची शहानिशा चहा निवण्यापूर्वी आटोपते व एकतर्फी हुकूमनामा सुटतो. प्रतिवादीस समन्स काढण्याची चाल आमच्याकडे नाही.

मृत्युपत्रास किमान दोन साक्षीदार लागतात, असे 1925 चा उत्तराधिकार कायदा सांगतो. तेव्हा या मजकुरास साक्षीदार कोण, असे मी एका निवृत्त अधिकाऱ्यांस विनयाने विचारले. “साक्षीदार? अहो, सकाळपासून सात जणांनी हाच मजकूर धाडलाय मला!” ते सातही जण एकाच मुखाचे प्रतिध्वनी असावेत, आणि त्या मुखाचा धनी कोण, त्याचा यात लाभ काय, हे पुसावे, अशी शंका त्यांना शिवली नाही. ज्या गृहस्थांनी उभ्या नोकरीत मूळ प्रत पाहिल्यावाचून एकही नक्कल साक्षांकित केली नाही, त्यांना आता नकलांची थप्पी हीच मूळ प्रत वाटते.

धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात 1 जुलै 2018 रोजी, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अशाच एका वदंतेवर विसंबून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचे प्राण घेतले. देशभर असे बळी पडू लागल्यावर, त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने आलेला संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी धाडण्यास भारतात मनाई केली. आमचे अधिकारी कायद्याचे पक्के: ते पाचांस धाडतात, क्षणभर विसावतात, आणि मग पुढील पाचांस.