श्रीयुत 'सुपर डेन्स क्रश लोड' यांस अनावृत पत्र

श्री. सुपर डेन्स क्रश लोड,
मुक्काम पोस्ट उपनगरी रेल्वेचे नियोजन अहवाल,
मुंबई.

सा. न. वि. वि.

आपली-आमची ओळख अंगलगतीची, पण नावानिशी ओळख बऱ्याच उशिरा झाली. सकाळी अंधेरीला चर्चगेटच्या गाडीत शिरताना आम्ही ज्याला नुसतं 'गर्दी' म्हणत होतो, त्याचं सरकारदरबारी एवढं भारदस्त नाव आहे हे कळलं तेव्हा ऊर भरून आला. (गाडीत असतो तर भरून यायलाही जागा नसती.) जगभरचे रेल्वे अभियंते साध्या 'क्रश लोड'वर भागवतात. मुंबईत मात्र आपल्याला आधी 'डेन्स' आणि मग 'सुपर' अशा दोन बढत्या मिळाल्या. एवढ्या वेगाने बढती मिळणारं दुसरं कुणी त्या खात्यात असेल असं वाटत नाही.

आपली व्याख्या वाचली. एका चौरस मीटरला 14 ते 16 उभी माणसं. नऊ डब्यांची जी गाडी सुमारे 1,700 माणसांसाठी धरलेली, तिच्यात साडेचार हजारांहून जास्त. मुंबईकराला चौरस मीटर कळत नाही, म्हणून मी आपलं फुटांत करून पाहिलं: माणशी जेमतेम पाऊण चौरस फूट. निव्वळ कार्पेट एरिया. या शहरात बिल्डरलासुद्धा एवढा लहान गाळा विकायची हिंमत अजून झालेली नाही.

हे पत्र मढहून लिहितोय. आमच्याकडे रेल्वे नाही, त्यामुळे आपण आमच्या दारापर्यंत येत नाही. एक तर 271 नंबरच्या बसने मालाड गाठायचं, नाही तर जेट्टीवरून बोटीने वेसाव्याला उतरायचं. वेसावा समोर दिसतो, हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटतं. पण रस्त्याने जायचं तर मालाडवरून केवढा तरी वळसा. म्हणून बोट. बोटीत माणसं असतात, मोटारसायकली असतात, मासळीच्या पाट्या असतात, आणि बोटवाला प्रत्येकाला हाताने दाखवतो: तू इथे, मावशी तिथे, गाडी मधोमध. गर्दी तिथेही असते. पण बोट एका बाजूला कलली तर काय होईल ते त्याला ठाऊक असतं, आणि बुडायचंच झालं तर तोही आमच्यासोबत बुडणार असतो. त्यामुळे तो माणसं बसवतो.

'बसवतो' म्हणालो, ते जाणूनबुजून. माझी तक्रार इथूनच सुरू होते.

इवल्याशा जागेत काही घालायचं, तर मराठीत शब्दांची कमी कधीच नव्हती. आपल्याला इंग्रजीतून बोलावून आणायची गरज नव्हती. मावणे हे वस्तूचं स्वतःचं काम, त्यात जबरदस्ती नाही. बसवताना हात सावकाश चालतो, इकडचं तिकडे करून जागा काढली जाते. खाटेखाली ट्रंक सारतात. अंबाड्यात फूल खोवतात, पदर कमरेला खोचतात, आणि सुरी मात्र खुपसतात. हालचाल थोडीफार तीच, हेतू बदलला की क्रियापद बदललं. चेपतात वरून, रेटतात मागून, दडपतात चहूकडून. ठासायला ताकद लागते आणि बहुतेकदा हत्यारही: लाकडी बोटीच्या फळ्यांमधल्या फटींत कापूस ठासावा लागतो, नाही तर पाणी आत येतं. आमच्या गावाच्या टोकाला जो किल्ला आहे, मराठ्यांनी 1739 मध्ये पोर्तुगिजांकडून घेतलेला, तिथल्या तोफांतही दारू ठासूनच भरावी लागत असणार.

आणि कोंबणे. बॅगेत कपडे कोंबतात, सभेसाठी ट्रकमध्ये माणसं कोंबतात. ज्याला कोंबलं त्याला कुणी विचारलेलं नसतं, हे या क्रियापदातच आलं.

शिवाय मराठीत एक गोष्ट अशी आहे जी फक्त माणसाला जमते: अंग चोरणे. तिघांच्या बाकावर चौथ्या सीटला जो टेकतो, तो अर्धा हवेत असतो आणि अंग चोरून असतो. स्वतःच्याच अंगाची चोरी करायची आणि मुद्देमाल शेजाऱ्याच्या स्वाधीन करायचा. या गुन्ह्याची नोंद कोणत्याही पोलीस ठाण्यात होत नाही. पण आपल्या व्याख्येतले 14 ते 16 उभ्या जागी याच चोरीवर उभे आहेत.

आता आपलं नाव पाहा. चार शब्द, आणि त्यांत कुणी काही केलं असं सांगणारा एकही नाही. कोंबले म्हटलं की लगेच कुणी तरी विचारतं, कुणी कोंबले? ठासले म्हटलं की, कुणी ठासले? आपण मात्र नुसते असता. 'लोड' असतो, तो कुणी चढवला, कुणी मोजून पाहून पुढे चालू ठेवला, गाड्या आणि फेऱ्या किती हव्या होत्या नि किती दिल्या, हा प्रश्न आपल्यापाशी येऊन विरघळतो. अहवाल लिहिणाऱ्याची केवढी सोय केलीत आपण! 'माणसे चेंगरली' असं लिहिलं असतं, तर पुढचं वाक्य लिहिणं भाग पडलं असतं.

जपानी लोक या बाबतीत कच्चे. टोकियोत गर्दीच्या वेळी प्रवाशांना दारातून आत रेटायला पांढरे हातमोजे घातलेली पगारी माणसं ठेवली. त्यांना 'ओशिया' म्हणजे रेटणारा असं सरळ नावही दिलं. म्हणजे तिथे कर्ता गणवेशात, फलाटावर उभा. आपल्याकडे हेच काम मागचा प्रवासी विनावेतन आणि स्वतःचा पास काढून करतो, त्यामुळे खर्च वाचतो आणि दोषही त्याच्याच माथी बसतो: 'प्रवाशांना शिस्त नाही.'

मासळीचं उदाहरण देतो, राग मानू नका. बोटीच्या खणात बर्फाचा थर, वर मासळीचा थर, पुन्हा बर्फ असं रचतात. बोंबील तर अंगानेच पाणीदार. जरा जास्त रचला की तळचा चेपतो, आणि चेपलेल्या बोंबलाला जेट्टीवर दर मिळत नाही. म्हणून तांडेल हात राखून रचतो. पासधारकाचं तसं नाही. तो कितीही चेपला तरी पासाची किंमत तीच राहते, आणि दुसऱ्या दिवशी तो आपल्या पायांनी पुन्हा हजर होतो. असा माल कुणाला नको असेल?

इथवर थट्टा केली. पण 9 जून 2025 च्या सकाळी मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींच्या शेजारून जाताना दारांत लोंबकळणारी माणसं रुळांवर पडली, काही जिवानिशी गेली. ती दारात का होती? आत पाऊण फूटही उरला नव्हता म्हणून. मग बंद होणाऱ्या दारांची घोषणा झाली. दारं बंद होणारी एसी लोकल 25 डिसेंबर 2017 पासून आपल्याकडे धावतेच आहे, आणि गर्दीच्या वेळी तिचं दार मिटतं ते शेवटच्या माणसाची पाठ आत दाबली गेली तरच. दार लावल्याने आपण जाणार नाही. फक्त बाहेरून दिसेनासे व्हाल.

तेव्हा विनंती अशी. पुढचा अहवाल लिहिला जाईल तेव्हा आपण आपली जागा सोडावी आणि तिथे 'कोंबले' हा शब्द येऊ द्यावा. त्याच्या डाव्या बाजूला कर्त्यासाठी थोडी जागा मोकळी ठेवावी. कोण कोण लागतं ते त्या त्या कार्यालयांनी ठरवून भरावं. नावं बरीच झाली आणि ओळीत मावेनात, तर अंग चोरून बसवता येतील. सवय आम्हाला आहे, त्यांना शिकवू.

कळावे,

आपला नम्र,
मढचा एक पासधारक

ता. क. उत्तर पाठवायचं झाल्यास मराठीतून पाठवावं, आणि त्यात निदान एक क्रियापद असावं.