मुनिमाने पोतं उचलू नये

डॅलस, टेक्सास

ती. अण्णा,

खेळाडू पोराच्या अभ्यासात आईबापांनी किती लक्ष घालावं, असं तुम्ही विचारलंत. माझ्या मते जालन्याच्या मोंढ्यातल्या मुनिमाइतकं: खातं चोख ठेवायचं, पोत्याला हात लावायचा नाही. इथे खातं भलतं किचकट आहे. टेक्सासात 1984 पासून ‘नापास तर खेळ बंद’ असा कायदाच आहे. बहुतेक विषयांपैकी एकातही 70 च्या खाली गेलं की निदान 3 आठवडे सामना नाही. सराव मात्र चालतो. म्हणजे पंगतीत वाढायचं, पण स्वतःचं पान मांडायचं नाही. आपल्याकडे खेळलं की बोर्डात सवलतीचे गुण, इथे गुण असले तरच खेळ. त्यामुळे मैदानाच्या पायऱ्यांवर बसलेले पालक स्कोअरबोर्ड सोडून मोबाइलवर शाळेचं पोर्टल बघतात. गृहपाठाचं शून्य दिसलं की चेहरा पडतो; आणि तो गृहपाठ बरेचदा दप्तरातच असतो, पूर्ण केलेला, फक्त द्यायचा राहिलेला.

तुम्ही म्हणाल, पोराचं पोराला बघू दे. पण वरच्या श्रेणीच्या कॉलेजकडून खेळायचं तर हायस्कूलचे 16 ठरावीक विषय लागतात, त्यातले 10 शेवटच्या वर्षाआधी संपवावे लागतात आणि त्यांत सरासरी किमान 2.3 हवी. चौदा वर्षांचं पोर हे वाचणार नाही. शेवटच्या वर्षी जागं होऊन उपयोग नाही. काकू म्हणतील, सरावाने दमलेल्या लेकराचा एखादा प्रकल्प आईने केला तर कुठे बिघडलं? बिघडतं ते पुढे. कॉलेजात हंगामात आठवड्याला 20 तासांपर्यंत सराव असतो, आणि होस्टेलवर आई नसते. शिक्षकांना मेलसुद्धा पोरानेच लिहावी, व्याकरणाच्या चुकांसकट.

आणि खेळच चांगला असला तर अभ्यास कशाला, म्हणून कुणी क्रिकेटपटू विजय झोलचं नाव काढेल. मान्य! आपल्या जालन्याच्या पोराने 2011 मध्ये एकोणीस वर्षांखालच्या स्पर्धेत आसामविरुद्ध नाबाद 451 केले, 2014 च्या युवा विश्वचषकात भारताचं नेतृत्वही केलं. पण 451 धरून घरचा हिशेब मांडणारा मुनीम मोंढ्यात एक दिवस टिकायचा नाही.

शिवाय मुनिमाची नोकरीही हायस्कूलच्या चार वर्षांचीच. पोरगं कॉलेजात गेलं की गुणांवरचा हक्क कायद्याने त्याचा. फी आपण भरायची, आणि निकाल बघायला त्याची परवानगी मागायची.

तुमचा,
धाकटा