हाली वय, कलदार वय

बाई जाऊन बरेच दिवस झाले, तरी तिच्या वयावरून आमच्या घराण्यात अजून दोन तट आहेत. नांदेडकर म्हणतात एकशेपाच, लातूरकर म्हणतात फार तर नव्वद. बाई म्हणजे माझी आजी. माहेर लातूरकडचं, सासर नांदेडचं, त्यामुळे भांडायला दोन्हीकडे माणसं भरपूर.

निजामाच्या राज्यात पैसा दोन तऱ्हेचा होता, आपला हाली आणि इंग्रजांचा कलदार. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. बाईनं वयालाही हाच भाव लावला होता. लग्नात पहिला आहेर कुणाला, असा प्रश्न आला की ती हाली वय सांगे. डॉक्टरांनी 'या वयात तंबाखू बंद करा' म्हटलं की लगेच कलदारवर येई, 'असं काय वय झालंय माझं?' एकशेपाच हालीचे बरोबर नव्वद कलदार होतात. म्हणजे दोन्ही तट खरे. पण मिटलेलं भांडण आमच्याकडे कुणाला गोड लागत नाही, म्हणून मी हा हिशोब कुणाला दाखवला नाही.

कागदोपत्री बाईचा जन्म आधारवाल्या पोरानं लावला. मशीनसमोर बसवून त्यानं विचारलं, "आजी, जन्मतारीख?"

"तूच टाक की रे लेकरा एखादी चांगली."

त्यानं १ जानेवारी १९३३ टाकली. आमच्या गल्लीतल्या यच्चयावत म्हाताऱ्या १ जानेवारीला जन्मलेल्या आहेत, आणि गुरुजींनी शाळेत नाव घातलेली त्यांची पोरं १ जूनला. मधल्या महिन्यांत आमच्याकडे कुणी जन्मलेलंच नाही.

आधार येण्याआधी मात्र एसटीत मजा असे. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला माहेरी जायचं तर पासष्टीच्या पुढे अर्धं तिकीट. कंडक्टर पुरावा मागे. बाई मांडीवरची चंची सोडायची. सुपारी, कात, चुन्याची डबी, अडकित्ता असा सगळा संसार एकेक करून बाहेर निघे. कंडक्टर आशेनं बघत राही. शेवटी ती सुपारीचं खांड तोंडात टाके, चंची बांधे आणि सांगे, "रझाकाराच्या वक्ताला माझ्या कडेवर पोरगं होतं. कर हिशोब." मागच्या सीटवरचे म्हातारे मग आपापले रझाकार काढत, आणि लोह्यापर्यंत कंडक्टरला अर्धं तिकीट फाडल्याशिवाय गत्यंतर उरत नसे. २०२२ साली पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट झाला, तेव्हा बाई नाराज झाली. "कार्ड बघतोय अन् पुढं जातोय. बोलायलाच तयार नाही मेला."

ते कडेवरचं पोरगं म्हणजे आमचे मोठे काका. रझाकारांच्या भीतीनं बाई त्यांना घेऊन रात्रीची ज्वारीच्या रानात पळाली होती, पोलीस ॲक्शनच्या आधी, १९४८ मध्ये. गुरुजींनी मात्र काकांची जन्मतारीख लावली १ जून १९५०, पुढे नोकरी दोन वर्षं जास्त व्हावी म्हणून. म्हणजे सरकारी नोंदीप्रमाणे काका जन्मायच्या दोन वर्षं आधीच आईच्या कडेवर बसून पळत होते. निवृत्त होईपर्यंत त्यांनी ही गोष्ट बाईला चारचौघांत सांगू दिली नाही.

एकदा १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला शाळेनं बाईला बोलावलं. मुक्तिसंग्रामाच्या आठवणी सांगा म्हणाले. ती पाऊण तास बोलली, सगळं म्हशीवर. पळताना म्हैस मागं राहिली, परत आलो तर दूध आटलेलं. "रझाकार गेले, निजाम गेला. म्हैस आटली ती आटलीच." स्वामी रामानंद तीर्थांचा फोटो शेजारी होता, म्हणून मुख्याध्यापकांनी शेवटी त्यांचं नाव घेतलं.

किल्लारीच्या भूकंपाची गोष्ट मात्र तिनं कधी रंगवून सांगितली नाही. ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट, लोक गणपती बुडवून येऊन झोपलेले. तिचं माहेरचं गोत त्याच भागात. मातीच्या माळवदांखाली घरंच्या घरं गेली. त्यानंतर बाई माळवदाखाली झोपली नाही, कुणाकडे गेली तरी बाज अंगणात. का म्हणून विचारलं की म्हणे, "आत लई उकडायलंय." पौषातसुद्धा.

२०१६च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी. तरुणपणी बार्शी लाईटच्या लहान गाडीनं ती लातूरहून पंढरपूरला गेलेली. टीव्हीवर वाघिणी बघून म्हणाली, "आम्ही गाडीत बसून नदीला जायचो, आता नदीच गाडीत बसून यायलीय. तिचं तिकीट कुणी काढलं?"

दर वर्षी हयातीचा दाखला द्यायला लागे, त्याचा तिला भारी राग. "जिती हाय म्हणून कागद लागतोय, तर मेल्यावर तरी मागू नका."

मागितलाच. मृत्यूच्या दाखल्यावर आधारप्रमाणे नव्वद लागलं, चौकातल्या फ्लेक्सवर काकांनी एकशेपाच छापलं. तेराव्याला दोन्ही तट पंगतीत समोरासमोर बसले आणि वरणभातापासूनच सुरुवात झाली. आवाज चढले तशी कोपऱ्यातून बाईच्या माहेरची एक म्हातारी ओरडली, "गप बसा रे. मी तिच्याहून थोरली हाय, मला कुणी इचारलं का?"

सगळे वळले. काकांनी अदबीनं विचारलं, "मावशी, मग तुमचं वय किती?"

"ते तू ताक वाढल्यावर सांगते. अन् पातळ वाढू नको."